नुसती शेपटीच का?



ग्रुपवर मी देवमाशांचे फोटो टाकते तेव्हा तुमचा ठरलेला प्रश्न असतो, "अगं, नुसती शेपटीच? तोंड कुठंय?" आज माइक हातात आलाच आहे, तर उत्तर देऊन टाकते.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बे नावाचा उपसागर आहे. तिथे किनाऱ्याला लागूनच समुद्रतळाशी प्रचंड खोल दरी आहे. वसंतात वारे सुटले की खालचं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर क्रिल आणि अँकोव्ही मासे पोसले जातात आणि ते खायला हम्पबॅक देवमासे येतात. हिवाळ्यात हेच देवमासे विणीसाठी मेक्सिको, मध्य अमेरिकेकडे जातात. बोटीची फेरी सकाळचीच घ्यावी, दुपारी वारा वाढतो. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही!

नवखे लोक देवमाशाच्या उडीची वाट बघत बसतात. उडी कुठे, कधी, कुणालाच सांगता येत नाही. शेपटीचं मात्र सांगता येतं. हम्पबॅक काही वेळा वर येऊन श्वास घेतो, फवारा उडतो, आणि मग पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच होते. तिथे बटण दाबायला सुरुवात करायची. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद, आणि एकामागून एक फोटो. आपण त्याच्या मागच्या बाजूला असू तर उत्तम, कारण शेपटीची खालची बाजू दिसायला हवी. तिथली काळी-पांढरी नक्षी, कडेचे दाते, जुने ओरखडे प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. तोंडावरून हम्पबॅक ओळखणं कठीण, शेपटीवरून सोपं.

हे फोटो 'हॅपीव्हेल' या प्रकल्पाकडे पाठवता येतात, सोबत तारीख आणि ठिकाण. त्यांचा प्रोग्रॅम ती शेपटी जुन्या फोटोंशी ताडून पाहतो. माझ्या धंद्यातलं काम म्हणून मला त्याचं जास्त कौतुक. पूर्वी माणसं डोळ्यांनी एकेक फोटो जुळवत बसायची.

यातून काय निघालं, ते ऐका. उत्तर प्रशांत महासागरात हम्पबॅकच्या व्यापारी शिकारीवर १९६६ मध्ये बंदी आली आणि त्यांची संख्या वाढत गेली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण २०२४ मध्ये या फोटोंच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की २०१२ मध्ये सुमारे ३३ हजार असलेले हम्पबॅक २०२१ पर्यंत २७ हजारांच्याही खाली आले. मधल्या वर्षांत समुद्र विलक्षण तापला होता, खाणं कमी पडलं असावं. ही घट उघडकीला आली त्यात तुमच्या-माझ्यासारख्या हौशी प्रवाशांच्या फोटोंचा मोठा वाटा होता. म्हणून "कॅमेऱ्यातून बघणारे खरं काही बघतच नाहीत" हे मला पटत नाही.

आपल्याकडेही फोटोला किंमत आहे बरं का. जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन किंवा देवमासा जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, आणि पुरावा म्हणून सुटकेचे फोटो लागतात. किनाऱ्यावरच्या गावांतून आज जे आलेत, त्यांनी जेवणाच्या वेळी मला जरूर भेटा. हलत्या होडीतून मोबाईलवर स्पष्ट फोटो कसा काढायचा, ते दाखवते.