लग्नाचा बॅण्ड आणि त्याचे वादक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विवाहखर्च हा आपल्या मंडळातील चर्चेचा नेहमीचाच विषय आहे. वरातीचा बॅण्ड म्हणजे निव्वळ उधळपट्टी असून तो बंद करावा, असे आपल्यातील काही विचारी मंडळींचे मत आहे. उलटपक्षी तरुण मंडळींस बॅण्ड जुनाट वाटतो व त्याऐवजी डीजे हवासा वाटतो. दोन्ही पक्षांस आमचे सांगणे एकच आहे. निर्णय करण्यापूर्वी हे वादन म्हणजे काय, ते करणारा कोण, आणि त्याचे आपल्यावर ऋण किती, हे समजून घ्यावे. आम्ही संगीतातले पंडित नव्हे. जन्मभर शाळेत मुले शिकविली आणि फावल्या वेळी रेडिओ ऐकला, एवढीच आमची पात्रता. तरी अध्यक्षमहाराजांनी बोलण्याची आज्ञा केली, म्हणून चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडील जुने मंगलवाद्य म्हणजे सनई-चौघडा. देवळात गुरवाची सनई, गावच्या कार्यात मातंग बांधवांची हलगी, आणि मिरवणुकीच्या अग्रभागी शिंग-तुतारी, ही आपली परंपरा होय. पितळी वाद्यांचा बॅण्ड आला तो कंपनी सरकारच्या पलटणींबरोबर. पुढे संस्थानिकांनी आपापल्या दरबारी बॅण्ड ठेवले आणि ते वादनही हिंदी मनुष्याच्या हाती आले. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संगीतशाळा स्थापन केली. संगीताचे शिक्षण सर्वसामान्यांस खुले व्हावे, ही त्यामागील दृष्टी होती. पलटणींतून व दरबारांतून बाहेर पडलेली माणसे शहरोशहरी आपली पथके बांधू लागली आणि बॅण्ड लग्नमांडवाच्या दारी येऊन पोहोचला. वाद्ये प्रथम विलायतेहून येत, नंतर ती येथेच घडू लागली. मेरठ शहरातील जली कोठी हा भाग आज या धंद्याचे माहेरघर समजला जातो. तेथील नादिर अली यांची पेढी 1885 सालापासूनची आहे.

या वाद्यांची घडण मोठी चातुर्याची आहे. तांबे व जस्त यांच्या मिश्रणाचे पितळ, त्याची वळविलेली नळी, एका टोकास तोंड व दुसऱ्या टोकास कर्णा, असे त्याचे साधे रूप. साध्या नळीतून मोजकेच स्वर निघतात, आपल्या तुतारीतून निघतात तसे. 1818 साली जर्मनीत झडपेचे पेटंट घेतले गेले. बोटाने कळ दाबली की झडपेतून हवेची वाट लांबते व स्वर उतरतो. तीन कळांच्या निरनिराळ्या मेळांतून व ओठांच्या ताणातून सप्तकातील सर्व स्वर साधतात. परंतु आपल्या गाण्याचा प्राण मींडेत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे तीन कळांच्या ट्रम्पेटला अवघड जाते. म्हणून आपल्या बॅण्डमध्ये गायकाची जागा बहुधा लाकडी क्लॅरिनेटला देतात. ट्रम्पेट त्यास उत्तर देतो, युफोनियम खालचा भार सांभाळतो, आणि ढोल व साइड ड्रम चाल धरतात. विलायती वाद्यातून देशी गळा काढण्याची ही युक्ती कोणा पुस्तकाने शिकविलेली नाही. ती वादकांनी स्वतः शोधून काढली.

आता रेडिओविषयी. 1952 साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले महाराष्ट्रीय गृहस्थ केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांस अतिशय आस्था होती, आणि चित्रपटगीतांविषयी तितकाच तिटकारा. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी काटा फिरविला तो रेडिओ सिलोनकडे. कोलंबोच्या केंद्रावरून त्याच वर्षी अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र घरोघरी तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीस विविधभारती सुरू करावी लागली.

ही हकिकत सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या रेडिओपुढे आणखी एक श्रोता बसलेला असे, त्याची आठवण कोणी काढीत नाही. तो म्हणजे बॅण्डवाला. आपण करमणुकीसाठी ऐकत होतो, तो धड्यासाठी ऐकत होता. घरी ग्रामोफोन नाही, स्वरलेखन वाचता येत नाही, आणि गाणे पुन्हा केव्हा लागेल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत एकदोनदा ऐकून मुखडा, अंतरा व मधले वाद्यसंगीत मनात साठवायचे आणि पुढच्या मुहूर्तास रस्त्यावर वाजवून दाखवायचे. आम्ही जन्मभर मुलांकडून पाठांतर करवून घेतले. म्हणूनच या स्मरणशक्तीचे मोल आम्हांस कळते. ‘नागिन’ (1954) या चित्रपटातील पुंगीची धून घ्या. ती मुळात पुंगीवर वाजलेलीच नाही. कल्याणजी यांनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजविली. आमच्या बॅण्डवाल्याने ते वाद्य डोळ्यांनी पाहिलेही नसेल. पण तीच धून त्याने क्लॅरिनेटमधून अशी काढली की आज तीन पिढ्या तिच्यावर नाचत आहेत.

आपल्या वयाच्या मंडळींस जुन्या गाण्यांची ओढ वाटते, ती स्वाभाविक आहे. संगीतकार, गायक व निवेदक यांची नावे आपण प्रेमाने उच्चारतो. तथापि वाजविणाऱ्याचे नाव कोणास आठवते? चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही हीच गत होती. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या कितीतरी वादकांनी ही गाणी नटविली. ती नावे पडद्यावर क्वचितच झळकली. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (1951) या चित्रपटाच्या संगीतास ज्याच्या ट्रम्पेटने रंग भरला, तो चिक चॉकलेट मूळचा गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ, हे आज किती जणांस माहीत आहे? मात्र माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मधील गीताच्या द्वारे आपल्या गुरूचे नाव अजरामर केले. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रम्पेटवादक होते. वादकाचे मोल वादकाच्या मुलाने ओळखले, यात नवल ते काय!

आपल्या दारी वाजविणाऱ्यांस असा शिष्य लाभलेला नाही. त्यांत मातंग बांधव आहेत, मुसलमान आहेत, इतरही आहेत. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा हंगाम सुरू होतो आणि चातुर्मास लागला की संपतो. मध्ये पौष आडवा येतो, अधिकमास आला की आणखी एक महिना जातो. गणेशोत्सवात थोडे काम मिळते, एरवी मोलमजुरी. 2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. पुढे लग्नास पन्नास माणसांची मर्यादा आली आणि वरातीच थांबल्या. त्या काळात कित्येकांनी वाद्ये विकली. आज जी पथके उरली आहेत त्यांत हातगाडीवरील ध्वनिवर्धक व कीबोर्ड यांचा भार वाढला असून फुंकणारी माणसे कमी झाली आहेत.

आणि लग्नघरी त्यांची वागणूक कशी होते? सर्वांच्या आनंदाचा आरंभ ज्यांच्या फुंकरीने होतो, ती माणसे मांडवाबाहेर उन्हात बसतात. त्यांचे पान सर्वांच्या शेवटी, आणि तेही वेगळे. ठरलेल्या रकमेसाठी रात्री यजमानास शोधीत फिरावे लागते. यात केवळ घाईगर्दीचा दोष आहे, असे मानून चालणार नाही. वाजविणाऱ्याची जात हलकी, ही जुनी समजूत त्याच्या पानापर्यंत येऊन पोहोचते. आपले मंडळ ज्ञातीच्या उन्नतीसाठी आहे. परंतु जी ज्ञाती दुसऱ्या ज्ञातीच्या कलावंतास पंगतीत घेत नाही, तिची उन्नती कोणत्या मापाने मोजावी?

म्हणून मंडळापुढे आमच्या चार सूचना आहेत. पहिली, आपल्या मंडळाच्या कार्यालयात होणाऱ्या प्रत्येक विवाहात वादकांची पाने वऱ्हाडाबरोबर, त्याच पंगतीत मांडावीत. दुसरी, मोबदला लेखी ठरवावा व वादन संपताच हातात द्यावा. तिसरी, वरात लवकर काढून वादन रात्री दहाच्या आत आटोपावे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत, ते आपण पाळावेत. चौथी, अहवालात विवाहांची नोंद करताना बॅण्डमास्तरांचेही नाव छापावे. यांपैकी कोणत्याही सूचनेस मोठा खर्च नाही. ज्यांस काटकसर करावयाची आहे त्यांनी रोषणाई व ध्वनियंत्रांवर अवश्य करावी. ज्यांस बॅण्ड नको असेल त्यांनी तो खुशाल सांगू नये. परंतु जो सांगेल, त्याने माणसांस माणसांप्रमाणे वागवावे.

रेडिओवरील जुनी गाणी आपण ऐकत राहूच. ती गाणी रस्त्यावर, विनामूल्य, आपल्या आजोबांच्या व वडिलांच्या वरातीत ज्यांनी वाजविली, त्यांच्या मुला-नातवंडांस आपल्या पंगतीत पान मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे. कार्यकारी मंडळाने या सूचनांचा विचार करून त्या येत्या लग्नसराईपासून अमलात आणाव्यात, अशी नम्र विनंती करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!