डोळ्यांत पाणी कशाने येते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि विषय विद्वानांचा. थोरली लेक कॉलेजात मानसशास्त्र घेऊन शिकते. ती मोठ्याने वाचते, मी भाकऱ्या थापता थापता ऐकते. त्यातलेच थोडे सांगते.

भीती वाटते म्हणून आपण पळतो, दुःख होते म्हणून रडतो, असे आपण धरून चालतो. 1884 साली विल्यम जेम्स या अमेरिकन पंडितांनी हे उलटे मांडले. आधी शरीर थरथरते, डोळे भरतात. ते आपल्याला जाणवते आणि त्या जाणिवेलाच आपण भीती किंवा दुःख म्हणतो. 1927 साली वॉल्टर कॅनन यांनी त्यांना अडवले. राग असो की भय, छाती सारखीच धडधडते, तापातही धडधडते. मग नुसत्या धडधडीवरून भावना ओळखायची कशी? मला कॅननसाहेबांचे पटले. पुढे 1962 साली शॅक्टर आणि सिंगर या दोघांनी मेळ घातला. उसळी शरीराची, आणि आजूबाजूला काय चालले आहे ते पाहून तिला नाव देते मन.

आता नाव चुकले तर? नागेश्वराकडच्या आपल्या झुलत्या पुलासारखाच, पण फार मोठा पूल कॅनडात व्हँकुव्हरजवळ आहे, 230 फूट उंचावर. तिथे एका मुलीने पुलावरच्या पुरुषांना काही प्रश्न विचारले आणि वाटल्यास फोन करा म्हणून नंबर दिला. 18 जणांनी तो घेतला, 9 जणांनी फोन केला. जवळच्या पक्क्या, ठेंगण्या पुलावर 16 जणांनी नंबर घेतला, फोन केला दोघांनी. डटन आणि अ‍ॅरन यांनी 1974 साली हे प्रसिद्ध केले. त्यांच्या मते, धडधड पुलाची होती आणि गड्यांनी ती मुलीच्या नावावर मांडली! (हसा खुशाल. सगळ्या पंडितांना हा अर्थ मान्य नाही म्हणे.)

आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अश्रूंची कारणे दिली आहेत. आनंद, संताप, भय, शोक, आणि धूरसुद्धा! धुराचे कारण बाईइतके कोणाला ठाऊक असणार?

आमचे मामंजी गेले तेव्हा आत्याबाई रडल्या नाहीत. वर्षभर भांडत राहिल्या. मिठावरून, वासराच्या दाव्यावरून, शेजारणीच्या कोंबडीवरूनही. गाव म्हणे, म्हातारी खाष्ट झाली. एका दुपारी माझ्या धाकट्या जावेने त्यांच्याजवळ बसून हळूच विचारले, "आत्याबाई, मामांची सय येते का हो?" त्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "धूर झालाय गं." चूल तेव्हा पेटलेली नव्हती. त्या दिवसापासून घरात मामंजींच्या गोष्टी निघू लागल्या. त्यांचा बैल, त्यांचा तमाखूचा बटवा. भांडणे थांबली असे नाही, पण कोंबडी तेवढी सुटली.

आणखी एक. एखादीची छाती धडधडू लागली, हातपाय कापू लागले, की आपल्याकडे लगेच "बाहेरचे झाले" म्हणतात. रक्त कमी असले, गळ्याची थायरॉईड ग्रंथी बिघडली, तरीही असे होते. तिला भोरला डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा. तपासणीत काही निघाले नाही, तर तिच्याजवळ बसून विचारा, घरात काय चालले आहे. आणि विचारताना तिच्या सासूला जरा पाणी आणायला पाठवा.

एवढे बोलून मी बसते.