फोनचें इंटरनेट संगणकाला न मिळाल्यास

घरांतील वीज गेली कीं तिच्याबरोबर भिंतीवरची वाय-फायची पेटीही मुकी होते. अशा वेळीं फोनचें इंटरनेट संगणकाला बिनतारी देतां येतें. यालाच हॉटस्पॉट म्हणतात. सोय मोठी खरी. परंतु ऐन वेळीं ती रुसली, म्हणजे घरांतील चार माणसें चार उपाय सुचवितात, आणि मूळचा एक दोष तसाच राहून नवे दोन निर्माण होतात. म्हणून उपाय कोणता हें ठरविण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें शोधावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

शाळेंत चुकलेलें गणित आम्ही मुलांना एकदम पुसूं देत नसूं. एकेक पायरी तपासून चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली, तें आधीं पाहावयाचें. येथेंही तीच रीत. या मार्गाचे टप्पे दोन : पहिला मोबाईल कंपनीच्या टॉवरपासून फोनपर्यंत, आणि दुसरा फोनपासून संगणकापर्यंत. दुसऱ्या टप्प्यांत फोन हा टपालकचेरीचें काम करतो. संगणकाला तो पत्ता नेमून देतो, त्याची मागणी बाहेर पाठवितो आणि आलेलें उत्तर त्याला पोंचवितो.

आधीं पहिला टप्पा. फोनचें वाय-फाय बंद करून मोबाईल डेटा चालू ठेवावा, आणि पूर्वीं कधीं न उघडलेलें एखादें पान फोनवरच उघडून पाहावें. जुनें पान साठवणींतून दिसूं शकतें, म्हणून नवें घ्यावयाचें. तें उघडत नसेल तर संगणकाला हातही लावूं नये. दिवसाचा डेटा संपला आहे काय तें पाहावें, खिडकीशीं जावें, एअरप्लेन मोड क्षणभर चालू करून बंद करावा.

पान उघडलें तर दोष दुसऱ्या टप्प्यांत. तेथें पहिला प्रश्न असा कीं, हॉटस्पॉटचें नांव संगणकावर दिसतें काय? बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर डेटा सेव्हर चालू असतां हॉटस्पॉट सुरूच होत नाहीं. कोणी जोडलें गेलें नाहीं तर कित्येक फोन कांहीं मिनिटांनीं तो आपोआप बंद करतात. आयफोनवर जोडणी होईपर्यंत हॉटस्पॉटचेंच पान उघडें ठेवावें.

२०२३ सालीं आमच्या शेजारची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. मुदतीची शेवटची संध्याकाळ, वीज गेलेली, आणि संगणकावर नांव दिसेना. तिच्या भावाचा आग्रह असा कीं, फोनची नेटवर्क सेटिंग रीसेट करावी. तसें केल्यास साठविलेले सारे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. मीं त्याला थांबविलें आणि तिच्या आईच्या फोनवर तें नांव दिसतें काय, तें पाहावयास सांगितलें. तेथें तें दिसलें, जोडणी झाली, पानही उघडलें. म्हणजे फोन निर्दोष होता! तो ५ गिगाहर्ट्‌झवर बोलत होता, आणि त्या जुन्या संगणकाला केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचीच भाषा ठाऊक होती. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्यें पट्टा बदलतांच नांव दिसलें, आणि अर्ज वेळेंत गेला. आयफोन १२ व त्यापुढील फोनांवर हेंच काम ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ या कळीनें होतें.

दुसरा प्रश्न : नांव दिसतें, पण जोडणी होत नाहीं काय? मग पासवर्ड पाहावा. तो निदान आठ अक्षरांचा असतो, आणि इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद त्यांत मानला जातो. फोनवर पासवर्ड बदलला असेल तर संगणक जुनाच धरून बसतो. तेथें तें नांव ‘फर्गेट’ करून नव्यानें जोडावें.

तिसरा प्रश्न : जोडणी झाली, तरी पान उघडत नाहीं काय? संगणकाच्या नेटवर्कच्या माहितींत त्याचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर फोननें पत्ता दिलेला नाहीं. संगणकानें तो आपणच लावून घेतला आहे. हॉटस्पॉट बंद करून पुन्हां चालू करावा. पत्ता ठीक असेल तर व्हीपीएन बंद करून पाहावें, आणि संगणकाची तारीख व वेळ तपासावी. घड्याळ चुकलें असतां सुरक्षित पानें उघडण्यास नकार मिळतो.

एवढ्यानेंही न झाल्यास यूएसबीची तार जोडून फोनवर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. तारेनें काम झालें तर दोष बिनतारी जोडणींतच होता, हेंही सिद्ध होतें.

काम सुरू झाल्यावर विंडोजमध्यें ही जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी. एरवीं संगणक पडद्यामागें मोठे अपडेट उतरवूं लागतो, आणि दिवसाचा डेटा संपतो.

एक पथ्य मात्र पाळावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, आणि उपयोग न झाल्यास ती पूर्ववत् करून मगच पुढें जावें. फोनवर पान उघडतें काय, नांव दिसतें काय, जोडणी होते काय, पत्ता मिळाला काय, हे चार प्रश्न कागदावर लिहून संगणकाजवळ ठेवावे. मुदतीच्या संध्याकाळीं ते आठवत बसावें लागणार नाहीं.