चावी बंद, दिवे बंद

गाडीला जादा फॉगलॅम्प लावताना वायर थेट बॅटरीला जोडली, तर दिवा चुकून चालू राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. यावर उपाय म्हणजे चार पिनांचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. हा भार इग्निशन स्विचवर टाकू नका, तो रिलेतून जाऊ द्या. बॅटरीची पॉझिटिव्ह वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला द्या, ८७ वरून दिव्यांना. ८५ ला अर्थिंग. ८६ ला चावी फिरवल्यावरच वीज येणारी वायर, मधे दिव्यांचा स्विच. फ्यूज बॅटरीजवळच बसवा. वायर घासून शॉर्ट झालीच, तर तो वितळेल आणि आग टळेल. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आठवणीने काढा.