ऑपरेशन झालं, पण आजार गेला नाही

आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या दहा जणी. आज शेळ्यांचं किंवा कर्जाचं बोलणार नाही. आमच्यातल्याच एकीच्या आजारपणाबद्दल बोलणार आहोत. आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणतो. "सांगा सगळ्यांना, फक्त नाव नका घेऊ," असं त्यांनीच सांगितलं.

वहिनींचं पोट तीन वर्षं दुखत होतं. जेवलं की बेंबीच्या उजव्या अंगाला कळ यायची. दिवसातून आठ-दहा वेळा जुलाब, संध्याकाळी कणकण. वजन इतकं उतरलं की पोलकी दोनदा आवळून शिवली. मीटिंगमधून त्या मधेच उठून जात. आम्ही हसायचो, "हप्त्याचं नाव काढलं की वहिनींचं पोट दुखतं." आज आठवलं की लाज वाटते.

आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग जंताच्या. शेवटी अकोल्याला दुर्बिणीनं आतडं तपासलं. तिथं सहा महिने टीबीचं औषध दिलं. ते उगाच दिलं नव्हतं. आतड्याचा टीबी आणि वहिनींचा आजार दिसायला सारखेच असतात. आपल्याकडे टीबी जास्त. आणि टीबी असताना दुसऱ्या आजाराचं औषध दिलं तर टीबी भडकतो. म्हणून डॉक्टर पुष्कळदा आधी टीबीचं औषध देऊन बघतात. वहिनींना त्यानं उतार पडला नाही, तेव्हा आजाराचं नाव कळलं : क्रोन्स.

1932 साली न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी या आजाराबद्दल लिहिलं. त्यातल्या डॉक्टर क्रोन यांचं नाव आजाराला पडलं. आपल्या अंगात रोगाशी लढणारी शक्ती असते ना, तीच उलटून आतड्याला सूज आणते. आतड्याला जखमा होतात, ते जाड होतं, आतली वाट अरुंद होते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताटातलं खाल्ल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं होत नाही. ही करणी नाही आणि बाईच्या हातून काही चुकलं म्हणूनही होत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हाच आजार होता. 1956 च्या जून महिन्यात त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले.

सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत वहिनींचं पोट फुगलं. हिरव्या उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना. आतडं बंद पडलं होतं. नागपूरला ऑपरेशन झालं. खराब झालेला तुकडा कापून काढला. आतडं लगेच जोडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावली. काही महिन्यांनी ते जोडायचं ठरलं.

घरी आल्यावर आम्ही सगळ्या भेटायला गेलो. डिंकाचे लाडू नेले, मेथीची भाजी नेली, शेंगदाण्याची चटणी नेली. माया होती, पण सगळं चुकीचं होतं. नव्या जखमेच्या आतड्यात साली, बिया, दाणे, रेषा अडकतात. पहिले काही आठवडे मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, सोसत असेल तर ताक, उकडून कुस्करलेला बटाटा, अंडं, असं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यायचं. पुढं एकेक पदार्थ वाढवत जायचा. एकीला सोसतं ते दुसरीला सोसेलच असं नाही.

लहान आतड्याची पिशवी असली की अंगातलं पाणी आणि मीठ फार जातं. नुसतं पाणी कितीही प्यायलं तरी पुरत नाही. ओआरएसचं पाकीट घरात ठेवायचं. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

पिशवीची वहिनींना फार लाज वाटे. हळदीकुंकवाला येईनात, देवघरात पाय ठेवीनात. एक दिवस त्यांची सासूच म्हणाली, "आतडं बाहेर आहे, बाई तर तीच आहे ना!" त्या दिवसापासून आम्ही मीटिंग वहिनींच्या ओसरीवर भरवली. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. भोवतीची कातडी साध्या पाण्यानं धुवून कोरडी करायची. नीट बसवली तर वास येत नाही.

आता कामाचं. टाके सुकले म्हणजे बाई बरी झाली असं आपण धरतो. आत भरून यायला वेळ लागतो. दीड-दोन महिने हंडा, पोतं, लेकरू उचलायचं नाही. खोकला आला तर पोटाला उशी धरायची. पण निजूनही राहायचं नाही, रोज थोडं चालायचं. आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं पाणी भरायला जात. वहिनींची तूर आम्ही वाटून सोंगली.

आणि सगळ्यात मोठी चूक सांगतो. आतडं जोडलं, पिशवी गेली, वजन वाढलं. घरच्यांना वाटलं, रोग कापून टाकला, आता महागाच्या गोळ्या कशाला? आम्हीही मान डोलावली. चार महिन्यांत तीच कळ परत आली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननं अडथळा काढला, आजार नाही." बहुतेक वेळा तो जोडलेल्या जागेजवळच पुन्हा उठतो. म्हणून औषध, रक्ताची तपासणी आणि सहा महिने ते वर्षभरात पुन्हा दुर्बीण, हे चुकवायचं नाही. लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलं असेल तर बी-12 ची इंजेक्शनं लागू शकतात, ते विचारून घ्यायचं. अंग दुखलं म्हणून दुकानातली दुखण्याची गोळी घ्यायची नाही, तिनं आतडं चिघळू शकतं. विडी-सिगारेट तर अजिबात नाही.

ताप आला, जखमेतून पू आला, पोट फुगून उलट्या लागल्या, पिशवीत काहीच येईना किंवा आतड्याचं तोंड काळं पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा. आणि ऑपरेशन ठरलं की रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे आधी विचारा.

वहिनी आज मीटिंगला येतात. कधी थकतात, मग चटईवर आडव्या होतात. मीटिंग चालू राहते. आमच्या वहीत आता हप्त्याच्या पानाच्या मागं त्यांच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते आणि त्या दिवशी आमच्यातली एक सोबत जाते.

तुमच्या गटात कुणी सारखी उठून जात असेल, वाळत चालली असेल, तर हसू नका. विचारा. आम्हाला विचारायला तीन वर्षं लागली.