मथळा आणि वाचकाचा शेरा

वर्तमानपत्र वाचणारा माणूस बहुधा ते दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात त्याची नजर पानभर फिरते, मथळे टिपते, आणि प्रत्येक मथळ्यापाशी त्याच्या मनात एखादा शेरा उमटतो: ‘हे होणारच होते’, ‘बरे झाले’, ‘पुन्हा तेच’. दुसऱ्या वाचनात तो निवडक बातम्यांचा मजकूर वाचतो. परंतु तोपर्यंत निकाल देऊन झालेला असतो आणि मजकुरातील ज्या ओळी त्या निकालाला दुजोरा देतात त्याच अधिक ठळकपणे डोळ्यांत भरतात. पुष्कळांच्या बाबतीत हे दुसरे वाचन होतच नाही. पहिल्या वाचनातील या शेऱ्याला क्षणिक मानून सहसा बाजूला सारले जाते. तथापि लोकमत या नावाने जे ओळखले जाते त्याचा बराचसा भाग अशाच शेऱ्यांचा बनलेला असतो, आणि म्हणून तो नेमका कशावर दिला जातो हे पाहणे अगत्याचे ठरते.

तो घटनेवर दिलेला नसतो, तर मथळ्यावर दिलेला असतो. आणि मथळा बहुतेक वेळा बातमीदाराने लिहिलेला नसतो. घटनास्थळी गेलेला बातमीदार मजकूर पाठवतो. उपसंपादक, म्हणजे कार्यालयात बसून त्या मजकुराची काटछाट करणारा, त्याची भाषा सुधारणारा आणि पानावरील त्याची जागा सांभाळणारा पत्रकार, त्यावर मथळा चढवतो. स्तंभाच्या रुंदीत मावतील एवढीच अक्षरे त्याच्या हाती असल्यामुळे पहिला बळी बहुधा क्रियापदाचा जातो, आणि क्रियापद गेले की घटना घडली आहे, घडणार आहे, की घडावी अशी कोणाची मागणी आहे, हा भेदही पुसट होतो. ‘मंत्र्यांची चौकशी’ या दोन शब्दांत हे तिन्ही अर्थ सुखाने नांदू शकतात. ‘शक्यता’, ‘संकेत’, ‘चिन्हे’ हे शब्द मथळ्याच्या शेवटी येतात आणि घाईच्या वाचनात शेवटचाच शब्द निसटतो. मथळ्याअखेरीस प्रश्नचिन्ह असले, तर ते वाचकाच्या शंकेपेक्षा कार्यालयाच्या सावधगिरीचे द्योतक असते. बातमीतील कोणता तपशील वर घ्यावा आणि कोणता तळाशी ठेवावा हा निर्णयही उपसंपादकाचाच असल्याने, मथळा हा स्वतःच एक शेरा होय आणि वाचक देतो तो शेऱ्यावरचा शेरा होय.

मथळा मजकुरापेक्षा किती दीर्घायुषी असतो, याचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८९७ सालचे आहे. त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात नेमलेला अधिकारी रँड याच्यावर २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर सरकारने शहराविरुद्ध जे कडक धोरण स्वीकारले त्यावर टिळकांच्या ‘केसरी’त ६ जुलैला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या मथळ्याचा अग्रलेख आला. मथळा वाक्प्रचारासारखा रुळला. शाळकरी मुलांनाही तो ठाऊक असतो, आणि तो म्हणून दाखवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्याखालील लेख वाचलेला असतो. याच लेखासाठी टिळकांना शिक्षा झाली असा समज त्यामुळे सहज होतो. प्रत्यक्षात राजद्रोहाच्या त्या खटल्यातील आरोप १५ जूनच्या अंकावर, म्हणजे रँडवरील हल्ल्याच्या एक आठवडा आधी छापलेल्या मजकुरावर, आधारलेले होते. त्या अंकात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे सरकारविषयी प्रीतीचा अभाव असा कायद्याचा अर्थ ज्यूरीपुढे ठेवला. सहा युरोपीय पंचांनी दोषी आणि तीन हिंदी पंचांनी निर्दोष असे मत दिले. आणि अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. अग्रलेखाचा मथळा इतका चपखल होता की त्याने एका खटल्याचा आधारच लोकस्मृतीत बदलून टाकला, असे म्हणण्यास हरकत नाही. वृत्तान्तासारख्या रुक्ष मजकुरासाठी कोणी तुरुंगात जाऊ शकतो, ही गोष्ट स्मरणात ठेवणे मात्र अवघड असते.

अलीकडच्या काळातील उदाहरण पाहावयाचे तर कांद्याकडे वळावे लागते, कारण एकाच मथळ्यावर महाराष्ट्रात दोन विरुद्ध शेरे हमखास उमटतात ते कांद्याच्या बातमीवर. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ३१ मार्च २०२४ पर्यंतची कांदा निर्यातबंदी जाहीर केली, तेव्हा शहरातील वाचकाने ‘भाजी स्वस्त होईल’ असे मनाशी म्हटले आणि निफाड-चांदवडकडच्या वाचकाने तोच मथळा वाचून कपाळाला हात लावला. दोघेही आपापल्या जागी खरे होते; परंतु मथळ्यात जे नव्हते ते डिसेंबर या महिन्याशी निगडित होते. उन्हाळ कांदा, म्हणजे रब्बी हंगामात पिकून मार्च ते मे या काळात निघणारा कांदा, चाळीत कित्येक महिने टिकतो आणि शेतकरी भावाची वाट पाहू शकतो; हिवाळ्यात बाजारात येणारा लाल कांदा मात्र थोड्याच आठवड्यांत खराब होतो, म्हणून तो पडेल त्या भावाला विकण्यावाचून गत्यंतर नसते. बंदी नेमकी लाल कांद्याच्या हंगामात आली आणि लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील बाजारांत लिलाव बंद पडले ते यामुळे. पुढे मुदत संपण्याआधीच बंदी वाढवली गेली आणि ४ मे २०२४ रोजी, किमान निर्यातमूल्य व निर्यातशुल्क लावून, ती उठवण्यात आली. नाशिक आणि दिंडोरी या लोकसभा मतदारसंघांतील मतदान २० मे रोजी होते, ही वेगळ्या दिवशी वेगळ्या मथळ्याखाली छापलेली माहिती ज्या वाचकाने या तारखेशेजारी ठेवली, त्याच्या शेऱ्याला ‘स्वस्त होईल’ किंवा ‘बुडालो’ यांपेक्षा अधिक वजन आले असावे.

यावरून संक्षिप्त शेरा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. मराठी वृत्तपत्रांनी ‘स्फुट’ नावाचा प्रकार, म्हणजे अग्रलेखाशेजारी चालू घडामोडींवर चार-सहा ओळींत केलेले सुटे भाष्य, दीर्घकाळ जोपासला आणि त्यातील कित्येक स्फुटे अग्रलेखांहून सरस असत. वाचकांच्या बाजूनेही थोडक्यात लिहिण्याला टपालाने हातभार लावला: भारतात १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड सुरू झाले, त्याची किंमत पाव आणा होती, आणि त्या इवल्या जागेत मावेल तेवढेच मत संपादकाकडे धाडणाऱ्या वाचकांची एक जातच पुढे निर्माण झाली. त्यापूर्वीचा पत्रलेखक ऐसपैस होता. गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात जी पत्रे लिहिली, त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. साप्ताहिकाच्या संथ लयीत बातमी आणि तिच्यावरील मत यांच्यामध्ये काही दिवस आपोआप जात; पोस्टकार्डवाल्यालाही ते घेऊन पेटीपर्यंत चालत जावे लागे, आणि त्या वाटेवर कित्येक शेरे मागे घेतले गेले असतील. मोबाइलच्या पडद्यावर मथळा आणि त्यावर मत देण्याची जागा यांत बोटभराचे अंतर उरले आहे. दोष आखूडपणाचा नाही, या अंतराचा आहे.

या संदर्भात आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांचा विचार उद्बोधक ठरतो. १९५१ पासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका स्तंभात मावणारे जे व्यंगचित्र काढीत, ते त्या त्या दिवसांच्या मथळ्यांवरचा शेराच असे, परंतु चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला त्यातला सामान्य माणूस स्वतः कधी बोलत नाही. बोलतात ते मंत्री, सचिव, शेजारी, बायको. तो पाहतो आणि ऐकतो. मत नसलेला तो नव्हे, हे त्याच्या उंचावलेल्या भुवयांवरून कळते. शेरा देण्याचे काम मात्र चित्रकार त्याच्यावर टाकत नाही, आणि चित्रातील सगळी बडबड उघडी पडते ती त्या न बोलण्यामुळे.

आकाशवाणीच्या सविस्तर बातमीपत्राची जुनी रचनाही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. आरंभी ठळक बातम्या सांगितल्या जातात, मग प्रत्येकीचा विस्तार येतो, आणि शेवटी त्याच ठळक बातम्या पुन्हा वाचल्या जातात. उशिरा रेडिओ लावणाऱ्याची सोय एवढाच या पुनरावृत्तीचा हेतू समजला जातो. परंतु जो श्रोता आरंभापासून ऐकत असतो, त्याला ‘निर्यातबंदी’ हा शब्द दुसऱ्यांदा ऐकू येतो तेव्हा मुदत, माल आणि बाजार यांची नावे त्याच्या कानांवरून गेलेली असतात, आणि पहिल्या वेळी मनात उमटलेला शेरा तसाच ठेवायचा की बदलायचा, हे ठरवण्याची संधी त्याला त्याच बैठकीत मिळते. छापील पानावर वाचकाला ती स्वतःहून घ्यावी लागते, मजकूर संपल्यावर नजर पुन्हा वर नेऊन.