वाचनाचे बिऱ्हाड बदलताना



‘फीड रीडर’ हा शब्द नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत रोज कानी पडणारा नव्हे. तेव्हा पत्रिकेतील विषय वाचून, हे आपल्या कामाचे नाही, असे काहींना वाटले असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. परंतु ज्याला बातमी वेळेवर हवी आहे, अशा प्रत्येक माणसाचा ह्या विषयाशी संबंध आहे.

सकाळी पेपर टाकणारा मुलगा काय करतो? आपण सांगितलेली पत्रे दारात टाकतो. न सांगितलेले टाकत नाही आणि सांगितलेले पत्र, ‘ह्यांना आज हे आवडायचे नाही’ असे मनाशी ठरवून, परस्पर परतही नेत नाही. फीड रीडर म्हणजे संगणकातला हाच मुलगा. वृत्तपत्र किंवा लेखक आपल्या संकेतस्थळावर नव्या मजकुराची एक साधी यादी ठेवतो. मथळा, तारीख, दुवा, थोडा सारांश. तिला फीड म्हणतात. रीडर ठराविक वेळाने त्या दाराशी जातो, नवे काय ते पाहतो आणि आपल्यापुढे आणून ठेवतो. आर.एस.एस. नावाने ही सोय १९९९ साली नेटस्केप कंपनीने प्रथम आणली.

हे साधेपण किती मोलाचे आहे ते लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरास आली. १२ तारखेच्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी होते. गाडी आल्याची छायाचित्रे देशभर फिरली. पण आपल्या गल्लीत टँकर कोणत्या दिवशी येणार, ही बातमी कोण फिरवणार? ती शेजारच्या जिल्ह्यालाही नको असते. जेथे लोकप्रियतेच्या क्रमाने मजकूर लावला जातो, तेथे अशी बातमी तळाशी जाते. रीडरात ती आपल्या वेळेवर, आपल्या जागी येते. तिला किती जणांनी पसंत केले, हा प्रश्नच तेथे नाही.

आता बिऱ्हाड बदलण्याची गोष्ट. गूगल कंपनीने २००५ साली आपला रीडर काढला, तोही फुकट. फुकट आणि चांगला म्हटल्यावर बाकीच्यांची दुकाने बसली, आणि जगभरच्या वाचकांनी आपली सारी वाचनाची व्यवस्था एकाच घरी नेऊन ठेवली. १३ मार्च २०१३ रोजी कंपनीने जाहीर केले की वापर कमी झाला आहे, सबब १ जुलैपासून रीडर बंद. साडेतीन महिन्यांची नोटीस! भाडेकरूने भाडेच दिलेले नसले, म्हणजे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? फीडली नावाच्या दुसऱ्या रीडराकडे ४८ तासांत पाच लाखांहून अधिक लोक गेले.

इतकी माणसे इतक्या लवकर गेली कशी? कारण यादी बरोबर नेता येत होती. ओ.पी.एम.एल. नावाचा एक साधा नमुना २००० सालापासून आहे. आपण कोणकोणती फीडे घेतो, ती कोणत्या कप्प्यात ठेवली आहेत, एवढे त्यात लिहिलेले असते. जुन्या रीडरातून ही फाइल उतरवावी, नव्यात चढवावी. काम पाच मिनिटांचे.

मराठवाड्याला ह्यात नवे काही वाटू नये. निजामाच्या राजवटीत आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, की ते दुसऱ्या नावाने निघे. त्यावरही बंदी आली, की तिसऱ्या. नाव बदलून पत्र चालते, पण वाचकांचे पत्ते हरवले तर ते एक आठवडाही चालणार नाही. त्या वेळी पत्रावर गदा आली होती. २०१३ साली पत्रे जागच्या जागी होती, वाटपाचे घरच बंद झाले. दोन्ही वेळी तारणारी वस्तू एकच, पत्त्यांची यादी. फरक इतकाच, की आता ती संपादकाने नव्हे, वाचकाने जपायची आहे.

यादी जाते, सगळे मात्र जात नाही. काय वाचले आणि काय राहिले, ह्याच्या खुणा ओ.पी.एम.एल.मध्ये नसतात, नव्या घरी जुना मजकूर पुन्हा न वाचलेला म्हणून समोर उभा राहतो. तारांकित करून जपलेले लेखही तिच्यात येत नाहीत. ते गूगलने निराळ्या फाइलींत दिले होते, आणि उतरवून घेण्याची मुदत १५ जुलै २०१३ पर्यंत होती. आळशी माणसाचे वर्षांचे वेचे त्या दिवशी गेले. म्हणून माझे म्हणणे असे, की जपण्यासारखा लेख रीडरात न ठेवता आपल्या संगणकावर उतरवून ठेवावा. बदलताना दोन्ही रीडर आठवडाभर शेजारीशेजारी चालवावेत, कारण काही फीडांचे पत्ते जुने झालेले असतात आणि ती नव्या घरी मुकाट्याने रिकामी राहतात. मोकळा कप्पा दिसला म्हणजे बातमी नाही असे समजू नये.

एक अडचण मात्र आपल्याच घरची आहे. बी.बी.सी. मराठीसारख्या मोठ्या ठिकाणी फीड मिळते. जिल्ह्यातील पुष्कळशी छोटी पत्रे पी.डी.एफ. करून व्हॉट्सॲपवर सोडली जातात. ज्या गटात आपण आहोत त्या गटात अंक आला तर आला! त्या अंकाला फीड नाही, म्हणून त्याला यादीत जागा नाही, आणि पाणी, पीकविमा, बाजारभाव ह्यांच्या गल्लीतल्या बातम्या नेमक्या त्याच अंकात असतात. संकेतस्थळ असेल तर फीड देण्यास वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. वर्डप्रेससारख्या सामान्य व्यवस्थेत तर ते आपोआप तयार होते. सभेला काही संपादक मंडळी आली आहेत. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल, त्यांच्या पत्राच्या पत्त्यापुढे तो एक शब्द जोडून काय दिसते, ते आपण येथेच पाहू.